थिंकपॅड टी-४२०चा हलणारा कीबोर्ड आणि लॅमिंग्टन रोडवरील एक दुकान

माझा थिंकपॅड टी-४२० हा २०११ सालच्या पिढीचा लॅपटॉप आहे. जुन्या धाटणीचा सात ओळींचा कीबोर्ड असलेली ही शेवटची पिढी. पुढच्या वर्षीच्या टी-४३०वर सहा ओळींचा, सुट्या कळांचा कीबोर्ड आला. रोज सहा-सात तास इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळरचनेत, मराठी मजकूर टंकित करणे हे माझे काम असल्यामुळे, या कीबोर्डची सवय सोडून नवा लॅपटॉप घेण्याची माझी मुळीच तयारी नव्हती.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र कीबोर्डची पुढची कड किंचित वर येऊ लागली आणि डावीकडचा भाग बोटाखाली दबू लागला. इनस्क्रिप्टमध्ये अक्षराचा पाय मोडणारे हलन्ताचे चिन्ह इंग्रजी ‘डी’च्या कळीवर, म्हणजे नेमके डावीकडे असते. कळ पुरती दाबली जाण्याआधीच तिच्याखालचा पत्रा खाली जाई, हलन्त उमटत नसे आणि ‘न्याय’चा ‘नयाय’ होई. ज्या भाषेत पावलोपावली जोडाक्षरे येतात, तिच्यात हा दोष किती छळतो हे टंकलेखन करणाऱ्यांना सांगायला नको. घराजवळच्या दोन दुकानांत लॅपटॉप उघडूनही न पाहता नवा कीबोर्ड बसवण्याचा सल्ला मिळाला. एकाने १,८०० रुपये सांगितले.

शेवटी मुंबईतील ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडवरील एका गाळ्यात गेले. पाटीवर ‘लॅपटॉप रिपेअर’ एवढेच लिहिलेले आहे. तेथील काकांनी प्रथम बॅटरी काढली, लॅपटॉप उलटा केला आणि तळाच्या ज्या छिद्रांजवळ कीबोर्डचे चिन्ह कोरलेले असते, त्यांपैकी एक रिकामे असल्याचे मला दाखवले. दुसऱ्यातील स्क्रूही सैल होता. आदल्या वर्षी दुसरीकडे पंखा बदलून घेतला होता. त्यासाठी कीबोर्ड काढावा लागतो, आणि परत बसवताना एक स्क्रू राहून गेला असावा.

या कीबोर्डच्या पुढच्या कडेला असलेल्या जिभा तळहात टेकवण्याच्या पट्टीच्या आत सरकून बसतात आणि खालून लावलेले स्क्रू त्याला तेथेच रोखून धरतात. स्क्रू नसला की टंकित करताना कीबोर्ड हळूहळू पडद्याच्या दिशेने सरकतो, जिभा सुटतात आणि कड वर येते. काकांनी हे सारे कीबोर्ड मागे सरकवून, उचलून, प्रत्यक्ष दाखवत समजावले. दुरुस्तीच्या दुकानात असा वेळ क्वचितच कोणी देते.

स्क्रू लावल्यावर कड बसली, तरी डावीकडे थोडी लवचीकता उरली होती. तेव्हा त्यांनी पत्र्याखाली फोमच्या दोन पातळ चिकटपट्ट्या लावल्या. सांडलेले पाणी खाली वाहून जावे म्हणून या यंत्रात वाटा ठेवलेल्या असतात. त्या वाटा आणि डाव्या कोपऱ्यातील पंखा व उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी, हे सर्व मोकळे राहील याची त्यांनी मी न सांगताच काळजी घेतली. मला या दुकानाविषयी आदर वाटला तो येथे. घरी असा प्रयोग करणाऱ्यांनी जाड फोम तर मुळीच वापरू नये, कारण त्याने कीबोर्ड मधोमध फुगतो आणि नव्याने हलू लागतो.

एका बाबतीत मात्र माझे समाधान झाले नाही. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत म्हटले आहे की हे स्क्रू नायलॉनचा लेप असलेले असतात, त्या लेपामुळे ते धक्क्यांनी सैल होत नाहीत आणि म्हणून प्रत्येक स्क्रू एकदाच वापरावा. दुकानात नवे स्क्रू नव्हते, म्हणून मोडीत निघालेल्या यंत्रातला स्क्रू लावला गेला. पावतीही मागितल्यावरच मिळाली. एकूण खर्च ३५० रुपये आला आणि काम पाऊण तासात झाले.

आता दोन महिने होत आले आहेत. कड वर आलेली नाही आणि हलन्त पहिल्या स्पर्शात उमटतो. नवे स्क्रू मी स्वतंत्रपणे मागवले आहेत आणि ते आल्यावर याच दुकानातून बसवून घेणार आहे. मात्र ज्यांच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आत, कीबोर्डच्या किंवा टचपॅडच्या खाली बसवलेली असते, त्यांनी वर आलेला कीबोर्ड कधीही दाबून बसवू नये. तेथे बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी लॅपटॉप बंद करावा, चार्जरला लावू नये आणि आधी बॅटरी तपासून घ्यावी.