सॉल्टडीन लिडो: फ्लॅट्सच्या तावडीतून सुटलेला तलाव

ब्रायटनला येणारी आपली मंडळी पॅलेस पिअर बघतात, पॅव्हेलियनसमोर फोटो काढतात, गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून चिप्स खातात आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यातली एक सकाळ वाचवा, टॉवेल घ्या आणि सॉल्टडीनला जा. तिथला उघड्यावरचा पोहण्याचा तलाव, म्हणजे सॉल्टडीन लिडो, हा या किनाऱ्यावरचा माझा सर्वांत आवडता तलाव आहे. पाणी गोडं आणि गरम केलेलं. समोर किनाऱ्याचा रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र, पाठीशी दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखी वळलेली पांढरी इमारत. हे सगळं आज जागेवर आहे ते गावकऱ्यांनी हट्ट सोडला नाही म्हणून.

मी इमारतदुरुस्तीच्या धंद्यात आहे. समुद्राकाठच्या जुन्या काँक्रीटच्या इमारती हे माझं रोजचं काम, त्यामुळे इथे पाण्याइतकंच भिंतींबद्दलही लिहिणार आहे.

आधी जायचं कसं. ब्रायटनहून २७ नंबरची बस सरळ सॉल्टडीनला नेते. पण पाय धड असतील तर मरीनापासून, म्हणजे बोटींच्या बंदरापासून, अंडरक्लिफ वॉकने चालत जा. पाचेक किलोमीटरची सपाट काँक्रीटची वाट, डावीकडे खडूचे उभे पांढरे कडे, उजवीकडे लाटा. कड्यांवरून कधी कधी खडू ढासळतो आणि वाट काही काळ बंद ठेवतात, तेवढं आधी बघून घ्या. ही वाट मी मुद्दाम सुचवते, कारण तिच्यावर एक नाही, तीन तलाव लागतात. त्यातला फक्त शेवटचा तुम्हाला दिसेल.

पहिला ब्लॅक रॉकचा. मरीनाच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत १९३६ साली तो उघडला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो पाडला, आणि मग कितीतरी दशकं त्या जागेचं काय करायचं याचे नुसते बेतच होत राहिले. तिथे पोहलेली माणसं अजून शहरात भेटतात. दुसरा रॉटिंगडीनचा, कड्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या पाण्याचा. नव्वदच्या दशकात तो बुजवून टाकला. आज त्या जागी सपाट फरशी आहे, पोरं तिथे सायकल फिरवतात, आणि माहिती नसेल तर पायाखाली तलाव होता हे कळायचंही नाही. मला दर वेळी त्या फरशीवर थांबायला होतं. तिथून पुढे मैलभर गेलं की सॉल्टडीन. रस्त्याखालच्या बोगद्यातून वर आलात की लिडो समोर.

सॉल्टडीन हे गावच मुळात नवं. चार्ल्स नेव्हिल नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात मोकळ्या टेकड्यांचे प्लॉट पाडून ते वसवायला घेतलं. लिडो १९३७-३८ चा, वास्तुविशारद रिचर्ड जोन्स. त्या दशकात इंग्लंडभर किनाऱ्यांवर असे तलाव उभे राहत होते. उन्हात बसणं आरोग्याला चांगलं असं डॉक्टर सांगत होते आणि सुट्टीला समुद्रावर जाणं कामगारांच्याही आवाक्यात येत होतं. जोन्सने बोटीच्या डेकसारखे वळणदार सज्जे दिले, मधोमध काचेचा अर्धगोल भाग काढला, वर गच्ची आणि कठडे. कुठेही नक्षी नाही. सगळी शोभा वळणांची आणि उजेडाची. दुपारी ऊन त्या वक्र भिंतीवरून सरकत जातं तेव्हा पाठीवर पडून नुसतं बघत राहावं.

जोन्सनेच जवळच टेकडीवर ओशन हॉटेल बांधलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ते हॉटेल अग्निशामक दलाच्या प्रशिक्षणासाठी घेतलं गेलं आणि लिडोच्या तलावाची पाण्याची टाकी झाली. पुढे हॉटेल बटलिन्स या सुट्टीच्या छावण्या चालवणाऱ्या कंपनीकडे गेलं, २००५ साली बंद पडलं, आणि आता त्यात फ्लॅट्स आहेत. इमारत उभी आहे, पण तिच्या आत पाऊल टाकायचं तर तिथे घर विकत घ्यावं लागतं. लिडोचंही तेच व्हायचं घाटत होतं, किंबहुना त्याहून वाईट.

युद्धानंतर लिडो बरीच वर्षं तसाच पडून होता. १९६४ साली तो पुन्हा सुरू झाला, सोबत वाचनालय आणि गावासाठी सभागृह मिळालं. १९८७ मध्ये वारसा वास्तूंच्या यादीत ग्रेड दोन म्हणून नोंद झाली. नव्वदच्या दशकात कौन्सिलने तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला. आणि २०१० मध्ये भाडेपट्टा हातात असलेल्यांकडून बेत बाहेर आला: तलाव बुजवायचा आणि तिथे फ्लॅट्स बांधायचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडेही लोकांना वाटतं की वास्तू यादीत गेली म्हणजे वाचली. तसं नसतं. यादीत नाव असलं की पाडायला किंवा रूप बदलायला वेगळी परवानगी लागते, एवढंच. जागा चालू ठेवा, पाणी भरा, लोकांना आत घ्या असं मालकाला कोणी बजावत नाही. डागडुजी टाळायची, दारं बंद ठेवायची, पावसाला आत येऊ द्यायचं, म्हणजे दहा-पंधरा वर्षांत वास्तू स्वतःच म्हणायला लागते की मला आता पाडा. मी अशा इमारतींच्या तपासणीला जाते. कुठली काळाने जीर्ण झाली आणि कुठलीकडे ठरवून पाठ फिरवली गेली, हे पन्हळीतल्या गवतावरून कळतं.

सॉल्टडीनच्या लोकांनी नुसती ‘वाचवा वाचवा’ अशी हाक देऊन थांबायचं नाही असं ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं. मोहीम २०१० मध्येच सुरू झाली. २०११ मध्ये वास्तूचा दर्जा वाढून ग्रेड दोन-स्टार झाला. इंग्लंडच्या यादीतल्या जेमतेम सहा टक्के वास्तूंना हा दर्जा आहे, त्यामुळे फ्लॅट्सचं गणित एकदम अवघड झालं. २०१२ मध्ये भाडेपट्टा कौन्सिलकडे परत आला. मोहीम तिथे थांबली असती तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण कौन्सिलच्या हातात परत आलेला, बंद, गळका तलाव म्हणजे पुढच्या बिल्डरसाठी राखलेला प्लॉटच. तेव्हा मोहिमेतल्या लोकांनी स्वतःची सामाजिक कंपनी काढली आणि लिडो चालवायची जबाबदारीच मागून घेतली. इथल्या कायद्यात अशा कंपनीची मालमत्ता कोणाच्या खाजगी फायद्यासाठी काढून घेता येत नाही. नफा झाला तर तो कामातच परत घालायचा. मग अर्ज, आराखडे, निधीसाठी फेऱ्या. लॉटरीच्या पैशातून वारशाच्या कामांना मदत करणाऱ्या हेरिटेज लॉटरी फंडाने सुमारे ४२ लाख पौंड मंजूर केले. जून २०१७ मध्ये तलावात पुन्हा लोक उतरले.

मधली कितीतरी वर्षं तलाव बंदच होता. त्या काळात गावातली किती पोरं पोहणं न शिकताच मोठी झाली असतील, हा विचार मला त्या निधीच्या आकड्यापेक्षा जास्त टोचतो.

आधी पाणी आणि मग इमारत हा क्रमही मला पटला. पोहणारे येऊ लागले की जागेत जीव येतो, चार पैसे येतात आणि उरलेल्या कामाला दम टिकतो. इमारतीचं काम मात्र किती किचकट आहे हे बाहेरून कळत नाही. काँक्रीट सुंदर दिसतं तोवर दिसतं. खाऱ्या वाऱ्यातला क्षार बारीक भेगांतून आत जातो, आतल्या लोखंडी सळ्या गंजतात, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. १९३० च्या दशकात सळ्यांवर काँक्रीटचं आवरण पातळ ठेवायचे, म्हणून त्या काळातल्या किनाऱ्यावरच्या इमारतींना हा आजार ठरलेला. वरून रंग मारून तो लपतो, बरा होत नाही. ठोकून बघायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथलं सगळं काढायचं, सळी चकचकीत होईपर्यंत साफ करायची, तिला लेप द्यायचा, आणि मग मूळ वळणाशी तंतोतंत जुळेल असं भरून घ्यायचं. सरळ भिंतीवर हे काम कोणीही शिकेल. सॉल्टडीनसारख्या वक्र सज्ज्याच्या कडेला ते करायचं म्हणजे हाताला चांगलंच वळण हवं. मी गेले की सवयीने कठड्याच्या कडेवरून बोट फिरवते आणि वळण कुठे मोडलंय का ते बघते. जिथे माझं बोट फिरलं तिथे ते मोडलेलं सापडलं नाही.

आता पोहण्याबद्दल. उन्हाळ्यात आई आली होती, तिला घेऊन गेले. आई चांगली पोहते, पण ‘अगं, इथे सगळ्या गोऱ्या बायका, मी अशी अंगभर पोशाखात कशी दिसेन’ म्हणून आधी कुरकुरत होती. मी तिला लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा पोशाख घेऊन दिला होता. आत गेल्यावर बघते तर अर्ध्या बायका वेटसूटमध्ये, कोणी टोपीसकट. आईकडे कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तुमच्याकडेही कोणी ज्येष्ठ मंडळी येणार असतील आणि याच कारणाने मागे सरत असतील, तर खुशाल आणा. साधे सुती कपडे मात्र चालत नाहीत, पोहण्याच्या कापडाचाच पोशाख हवा.

ती शिडी धरून उतरली, खांद्यापर्यंत पाणी आल्यावर ‘अगं, कोमट आहे की’ म्हणाली आणि मला मागे टाकून निघून गेली. बाहेर गार वारा आणि अंगाला ऊबदार पाणी, यात जे सुख आहे ते बंदिस्त तलावात नाही. पाठीवर पोहताना वर फक्त आकाश आणि सीगल. शेजारच्या लेनमधल्या एका वयस्क बाई काठाला टेकून आईशी बोलत होत्या. लहानपणी त्या इथेच पोहायला शिकल्या होत्या आणि आता नातवाला घेऊन आल्या होत्या. आईचं इंग्रजी बेताचं, पण ‘सेम पूल?’ ‘सेम पूल!’ एवढ्यावर दोघींचं छान जमलं. छोट्यांसाठी वेगळा उथळ तलाव आहे, त्यामुळे मोठ्यांच्या लेनमध्ये पोरांचा धुडगूस नसतो आणि पोरांनाही कोणी दटावत नाही.

उणं सांगायचं तर वारा. समुद्रावरून आला की पाण्याबाहेर काढलेला हात क्षणात गार पडतो. लहान मुलांना बाहेर आल्या आल्या कोरडं करून जाड कपड्यात गुंडाळा. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही येतो. निवांत शांतता हवी असेल तर ती इथे नाही, आणि गावातल्या चालत्या तलावाला ती असूही नये.

तिकिटाबद्दल कुरकुर ऐकली आहे, म्हणून हेही लिहिते. उघड्या तलावातली उष्णता बहुतांश पृष्ठभागावरून, पाण्याची वाफ होताना जाते, आणि वारा जितका जोरात तितकी ती जास्त जाते. म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावर तलाव गरम ठेवणं हे छपराखालच्या तलावापेक्षा कितीतरी महाग काम. निधी दुरुस्तीला मिळतो. रोजचं विजेचं बिल आणि जीवरक्षकांचे पगार मात्र तिकिटातूनच निघायला हवेत. मी ते पैसे आनंदाने देते.

किनाऱ्यावरचे असे तलाव अजून आहेत. कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सचा जुबिली पूल, १९३५ चा, त्रिकोणी आणि समुद्राच्या पाण्याचा. २०१४ च्या वादळात तो फुटला, २०१६ मध्ये उघडला, आणि २०२० पासून त्याचा एक भाग जमिनीखालच्या उष्णतेने तापवतात. प्लिमथचा टिनसाइड १९९२ मध्ये बंद पडला तो थेट दशकभराहून जास्त काळाने सुरू झाला. दोन्ही आवर्जून बघावेत असे. पण लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा विचारलात तर मी सॉल्टडीनच सांगेन.

पोहण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी बघून ऑनलाइन वेळ घ्या. टॉवेल दोन न्या, एक वाऱ्यासाठी. शनिवार-रविवारची वेळ हवी असेल तर ऊन पडलेलं बघून मग ठरवू असं करू नका, ऊन पडलं की अख्खं ब्रायटन तेच ठरवतं. शक्यतो आठवड्यातली सकाळ धरा, जाताना चालत जा आणि येताना बस घ्या.