झडीच्या दिवसासाठी केळकर संग्रहालय

पुण्यात पावसाची झड लागली की सिंहगड, पर्वती, शनिवारवाडा हे सगळे बेत बारगळतात. अशा दिवशी पाहुण्यांना कुठे न्यावे, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय.

‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव फिरून सुमारे २० हजार वस्तू जमवल्या, बालवयात गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि पुढे तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यांतला थोडाच भाग मांडलेला आहे; तरीही तीन मजले सावकाश पाहायचे तर दोन-अडीच तास हाताशी हवेत. कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून उभारलेला मस्तानी महाल बहुतेकांना आधी पाहायचा असतो आणि तो पाहावाच. पण माझ्या मते या संग्रहालयाचा जीव घरगुती वस्तूंत आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारी इतरत्रही पाहायला मिळतात, पण पाय घासायच्या वज्रीवर, दौतीवर किंवा शेवयांच्या साच्यावर कारागिराने केवढे कष्ट घेतले होते, हे इथेच कळते.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी मी दर वेळी रेंगाळतो. सुपारी कातरायचे हे साधे हत्यार, पण कुणी त्याला घोड्याचा आकार दिला आहे, तर कुणी दोन्ही दांड्यांचे स्त्री-पुरुष केले आहेत, म्हणजे अडकित्ता मिटला की ती दोघे जवळ येतात. रोज दहा वेळा हातात घ्यायची वस्तू देखणी असावी, एवढ्यासाठी कुणीतरी ही कलाकुसर केली, याचे मला फार अप्रूप वाटते. दिव्यांचे दालनही असेच आहे. लामणदिव्यांच्या साखळ्या नीट पाहाव्यात, कारण त्यांच्या कड्यांमधले बारीक हंस आणि मोर घाईत हमखास नजरेतून सुटतात. वाद्ये आणि कोरीव दरवाजेही सुंदर आहेत.

शक्य असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे, मात्र जिने चढावे लागतात हे लक्षात ठेवावे. मागच्या श्रावणात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई काचेपलीकडच्या साच्याकडे बोट दाखवून, पीठ किती घट्ट मळायचे आणि दाब कसा द्यायचा, हे नातीला हाताने करून दाखवत होत्या. बाहेर पाऊस थांबल्यावरही त्या दोघी तिथून हलल्या नव्हत्या.