सीडी-आर की सीडी-आरडब्ल्यू?

कारखान्यात छापलेल्या सीडीवर माहिती सूक्ष्म खड्डे आणि त्यांमधली सपाटी यांच्या रूपात असते, आणि ती 1.6 मायक्रोमीटर अंतराने वेढे घेत आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल ट्रॅकवर साठवलेली असते. घरी लिहिण्याच्या दोन्ही प्रकारांत, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये आणि पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये, खरे खड्डे पडत नाहीत; 780 नॅनोमीटरच्या लेसरला खड्ड्यांसारखे भासतील असे कमी परावर्तन करणारे ठिपके तेवढे उमटतात.

सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो जिथे बदलतो तिथे कायमचाच बदलतो, म्हणून एकदा लिहिलेले पुसता येत नाही. अर्धवट भरलेली चकती उजेडात तिरकी धरली, तर मध्याकडच्या लिहिलेल्या भागाची वेगळी छटा नुसत्या डोळ्यांनाही दिसते.

सीडी-आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. तो वितळवून झटकन थंड केला की अस्फटिकी होतो, म्हणजे त्याच्या अणूंची रचना विस्कळीत राहून कमी परावर्तनाचा ठिपका उमटतो, आणि मध्यम तापमानाला पुन्हा स्फटिकी होऊन कोरा होतो. हे चक्र सुमारे 1000 वेळा चालते. मात्र तिचे परावर्तन बरेच क्षीण असल्याने अनेक जुने प्लेअर ती वाचू शकत नाहीत.

रोज बदलणाऱ्या कामाला सीडी-आरडब्ल्यू सोयीची आहे. पण जपून ठेवायच्या छायाचित्रांसाठी मी सीडी-आरच निवडेन, कारण तिच्यावरचा मजकूर चुकून पुसला जात नाही. ती उन्हापासून मात्र दूर ठेवावी, आणि लेबलाच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, कारण परावर्तक थर त्याच बाजूला पातळ लाखेखाली असतो.