डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम, केप टाउन: आधी नकाशा बघा, फलक नंतर

वर्णभेदावरची मिक्स्ड मीडिया कला बऱ्याचदा काटेरी तार, जुनी ओळखपत्रं आणि लाल रंगावर भागवते. बायटनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४ पासून असलेलं हे संग्रहालय त्या वाटेला जात नाही. डिस्ट्रिक्ट सिक्स या शहरातल्या वस्तीत ज्यांची घरं गेली, त्यांच्याच हातून इथली मुख्य कामं पुरी झाली आहेत.

संदर्भ माहीत नसेल तर निम्मं हातातून निसटेल. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाच्या नावापुढे वंश लिहिला, त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज कायद्याने त्यानुसार राहायची जागा ठरवली. मिश्र वंशाच्या लोकांना 'कलर्ड' रकान्यात टाकलं. त्यात पुन्हा केप मलाय, ग्रिक्वा असे पोटरकाने. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचायची आणि ती खाली पडते का बघायचं. सख्खी भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत गेली. ११ फेब्रुवारी १९६६ ला डिस्ट्रिक्ट सिक्स 'गोऱ्यांचा भाग' जाहीर झाला, आणि पुढच्या काही वर्षांमध्ये घरं पाडून ६०,००० हून जास्त माणसं शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट भागात हलवली गेली.

जमिनीवर पसरलेला रंगवलेला नकाशा हे इथलं सर्वोत्तम काम. जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी मार्करने नावं लिहिली आहेत. लोक त्यावरून चालतात, म्हणून वर जाड प्लास्टिक आहे. दिव्याचा उजेड त्यावर चमकतो आणि समोरून बघितलं तर अक्षरं दिसत नाहीत. बाजूला सरका, वाका, मग गल्ल्या वाचता येतात. सगळ्यात आधी, गर्दी जमण्यापूर्वी, हेच बघा.

नावांच्या कापडामागचा विचारही चोख आहे. साध्या मांजरपाटावर लोकांनी पेनने सह्या आणि निरोप लिहिले. शाई उजेडात विटते, म्हणून त्याच अक्षरांवरून नंतर धाग्याने भरतकाम केलं. टाके अक्षराच्या वळणानेच जातात, त्यामुळे थरथरत्या हाताची सही थरथरतीच राहते. छापून घेतलं असतं तर हे साधलं नसतं.

रस्त्यांच्या नावांच्या पाट्या मूळच्या आहेत. पाडकामावरच्या मुकादमाने त्या फेकून न देता स्वतःकडे ठेवल्या होत्या. त्या उंच टांगल्यामुळे वरच्या ओळी खालून धड दिसत नाहीत. त्यासाठी सज्जात चढा.

आता तक्रार. भिंतीवरचे फलक फार, मजकूर दाट आणि अक्षर बारीक. चित्र, फोटो, मजकूर सगळं एकाच पट्ट्यात कोंबल्याने डोळा कुठेच ठरत नाही. दुसरं, 'सगळे गुण्यागोविंदाने राहत होतो' हा सूर जरा जास्त लागतो. प्लेगचं निमित्त करून १९०१ मध्येच इथल्या कृष्णवर्णीय आफ्रिकनांना बाहेर काढलं होतं. ही बाजू ठळक व्हायला हवी. 'नोमवुयोज रूम' ही एका खोलीतल्या आफ्रिकन कुटुंबाची मांडणी तो तोल थोडा सावरते. ती चुकवू नका.

इथल्या माजी रहिवाशांसोबतची फेरी आधी विचारून ठरवा. नुसतं तिकीट काढून फिरलात तर नकाशावरच्या नावांमागची माणसं कळणार नाहीत. हाताशी दीड-दोन तास असू द्या, आणि वेळ उरला तर पायी वर त्या वस्तीच्या जागेवर जाऊन या. बरीच जमीन आजही मोकळी आहे, काही भागावर तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ उभं आहे. नकाशावरची गल्ली तिथे शोधताना मोजमापं लगेच जुळत नाहीत, म्हणून नकाशाचा फोटो फोनमध्ये ठेवा.