वाडा हलवायचा: सुटा करून की जॅकवर?

साताऱ्याच्या पेठांतला किंवा वाईचा जुना वाडा पाडण्यापासून वाचवताना तो दुसरीकडे हलवायचा, तर हे दोनच मार्ग उरतात: भाग सुटे करून नेणं किंवा जॅकने अख्खा उचलणं. जॅकने अख्खा उचलायला भिंती एकसंध लागतात. चुन्यातलं पक्कं वीटकाम लोखंडी चॅनेलवर, म्हणजे खालून सरकवलेल्या लोखंडी तुळयांवर, तोलता येतं. वाड्याचे लाकडी खांब मात्र सुट्या तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या दगडांवर, नुसते टेकलेले असतात आणि मधल्या मातीच्या भिंती असमान उचलीत ढासळतात. शिवाय बोळातून वाडा जाणार कसा? त्याच जागेत थोडा मागे घ्यायचा असेल, तरच जॅक.

लांब न्यायचा तर सुटा करणंच योग्य. आधी मोजमाप, नकाशा, फोटो. मग प्रत्येक खांब, तुळई, कडी (तुळयांवरचं आडवं लाकूड), पाटाला (कड्यांवरच्या फळीला) क्रमांक. खडू पावसात जातो, म्हणून कोरलेले पत्र्याचे बिल्लेच ठोका. उतरवायचं वरून खाली: कौलं, वासे, कडीपाट, तुळया, शेवटी खांब. सांधे पहारीने उचकटू नका, आधी खुंट्या काढा. तुळयांची भिंतीत गाडलेली टोकं हमखास कुजलेली निघतात. तेवढाच भाग कापून जुन्या सागवानाचा जोड द्या, अख्खी तुळई फेकू नका. जोत्याच्या घडीव दगडांवरही थरवार आकडे हवेत. मातीची भिंत नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. उतरवलेलं लाकूड पावसाळ्यापूर्वी छपराखाली, जमिनीपासून वर रचा.