टीपॉयवर ठेवायचे लाकडी गेम : सगळेच देखणे, पण हात कशाला लागतो?

सध्या टीपॉयवर लाकडी बोर्ड गेम मांडून ठेवायची फॅशन जोरात आहे, फोटोत शिसवीचा बोर्ड, मागे मनीप्लांट, बाजूला कॉफीचा मग वगैरे. आमच्या हॉलमध्येही हळूहळू चार जमलेत आणि माझं मत आता अगदी पक्कं झालंय, की चहा येईपर्यंत पाहुणा आपणहून जो गेम उचलतो तोच टीपॉयवर ठेवण्यालायक, बाकीचे शोकेसमध्ये गेले तरी चालतील. नुसती शोभाच हवी असेल तर पितळेची छान फुलदाणी आणा की.

या हिशोबाने क्वार्टोला तोड नाही. ब्लेझ म्युलर नावाच्या स्विस गणितज्ञाने शोधलेला गेम, गिगामिक ही फ्रेंच कंपनी १९९१ पासून काढतेय. सोळा घरांचा बोर्ड आणि सोळा सोंगट्या, उंच नाहीतर बुटक्या, गोल नाहीतर चौकोनी, फिक्या नाहीतर गडद, आणि डोक्यावर खड्डा असलेल्या नाहीतर भरीव. म्हणजे दोन सोंगट्या काही सारख्या नाहीत. चार गुणांपैकी कुठलाही एक सारखा असलेल्या चार सोंगट्या आडव्या, उभ्या किंवा तिरक्या ओळीत लागल्या की जिंकलात. पण खरी गंमत अशी की तुम्ही कुठली सोंगटी ठेवायची हे समोरचा ठरवतो! तो उचलून तुमच्या हातात देतो, तुम्ही फक्त जागा निवडायची, आणि मग त्याच्यासाठी तुम्ही निवडायची. शेवटी शेवटी अशी वेळ येते की कुठलीही दिली तरी समोरचा जिंकणार, मग पंधरा सेकंदं नुसतं डोकं खाजवणं. नियम दोन मिनिटांत कळतात, डाव चहाबरोबर संपतो, आणि बोर्ड अर्धवट सोडून गेलं तरी तो मांडलेलाच वाटतो. महाग आहे, आयात माल आहे, ते धरून चला. याच्या स्वस्त नकला मिळतात, त्यातल्या एकीत वरचा खड्डा इतका उथळ होता की संध्याकाळच्या दिव्यात भरीव कुठली आणि पोकळ कुठली तेच दिसेना, असला माल घेऊ नका. आणि एक सोंगटी सोफ्याखाली गेली की डाव बाद, कारण तिच्यासारखी दुसरी नसतेच.

पल्लांगुळी याच्या बरोब्बर उलट. तमिळ घरांमधला खेळ, कर्नाटकात अळीगुळीमणे म्हणतात. लांबट लाकडी पाटी, समोरासमोर सात-सात वाट्या, आणि वाटून वाटून पुढे टाकायच्या कवड्या किंवा चिंचोके. प्रत्येक वाटीत पाच घेऊन खेळलात तर सत्तर लागतात, दहा हरवले तर स्वयंपाकघरात जायचं नि दहा आणायचे, बस. नियम घराघरात वेगळे. एका प्रकारात चिंचोके टाकता टाकता तुमच्या बाजूच्या वाटीत चार झाले की त्यांना पसू म्हणतात, म्हणजे गाय, आणि ते तुमचे. आमच्याकडे आजी मंडळी आणि लहान मुलं यांचा हा फेव्हरिट, हाताला काम आणि मस्त टकटक आवाज. मधोमध घडी घालायचे बोर्ड मिळतात ते सोयीचे, फक्त बिजागरी नीट बघून घ्या. घरात अगदी छोटं बाळ असेल तर मात्र चिंचोके उघड्यावर नको.

बुद्धिबळाचा सेट सगळ्यात देखणा, यात वादच नाही. अमृतसरला बनतात तसले शिसवीचे आणि पांढऱ्या लाकडाचे मोहरे, खाली हिरवं कापड, आत वजन. घेताना आधी घोडा बघायचा, कारण सगळ्यात जास्त कोरीवकाम त्याच्यावर असतं आणि कारागिराचा हात तिथेच कळतो. पण टीपॉयवर? अहो, बोर्डच एवढा मोठा की बशीला जागा उरत नाही, शिवाय ज्याला येतं तो तासभर उठत नाही आणि ज्याला येत नाही तो हातही लावत नाही. वजीर उचलून "वा, छान आहे हं" म्हणून परत ठेवतात. शोकेस!

ब्रेनव्हिटा, तेहतीस खड्डे आणि बत्तीस गोट्या, एकट्याचा टाइमपास म्हणून झकास. कडेला गोल खाच असलेलाच घ्या नाहीतर मारलेल्या गोट्या घरभर.

आता लाकडाबद्दल. कोकणात किंवा मुंबईत राहात असाल तर पावसाळ्यात पातळ बोर्ड हमखास वाकतो, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेला आमचा एक बोर्ड जुलैत असा उचलला की सोंगट्या डुगडुगायला लागल्या, आणि बदलून द्या म्हटलं तर उत्तरच नाही. जाड, अखंड लाकूड किंवा चांगला प्लाय घ्या आणि ओल्या फडक्याने पुसू नका. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे रंगीत लाखकामाचे गेम फार गोड दिसतात, पण ती लाख लेथवर फिरवून घर्षणाच्या उष्णतेनेच चढवलेली असते, त्यामुळे त्यावर गरम कप टेकवला तर चकाकी गेलीच म्हणून समजा. सावंतवाडीला जाणं झालं तर चितारआळीत डोकावा, रंगवलेली लाकडी खेळणी बघायला मजा येते, आणि राजवाड्यातले गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, तेही बघून घ्या. दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० पानं असतात. तो बोर्ड गेम नाही आणि चहाच्या आसपास तर अजिबात आणू नये, पण माझ्या यादीत पुढचा नंबर त्याचाच आहे.