सी लायब्ररीची तीन ऑपरेटिंग सिस्टिमवरची स्वयंचलित बिल्ड-चाचणी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

देवनागरी मजकुरातील अक्षरे जोडाक्षरांसह सुटी करणारी सी या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) मी सांभाळतो. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत नवी आवृत्ती काढण्याआधीची माझी चाचणी म्हणजे स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर एक बिल्ड (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर) आणि जमलेच तर मित्राच्या विंडोज संगणकावर दुसरा, एवढीच असे. त्यानंतर गिटहब अ‍ॅक्शन्स या स्वयंचलित कामे चालवणाऱ्या सेवेवर प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कोडमधील बदल सामावून घेण्याच्या विनंतीला) लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींवर सीमेक या साधनाने बिल्ड करून त्याच्या जोडीच्या सीटेस्टने चाचण्या चालवण्याची व्यवस्था लावली. रेपॉझिटरी (कोडचे भांडार) सार्वजनिक असल्यामुळे साध्या रनरसाठी, म्हणजे ही कामे चालवणाऱ्या गिटहबच्या यंत्रांसाठी, पैसे मोजावे लागत नाहीत.

पहिल्याच धावेत विंडोजवरची चाचणी लाल, म्हणजे नापास, झाली. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याची एक पद्धत), पण सुरुवातीला बीओएम, म्हणजे ती पद्धत ओळखू देणारी बाइटांची खूण, नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती त्या यंत्राच्या कोड पेजनुसार, म्हणजे विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यानुसार, वाचतो. त्यामुळे यूटीएफ-८ म्हणून जाहीर केलेल्या अक्षरमाला दुसऱ्यांदा एन्कोड झाल्या आणि २४ बाइटांचा ‘क्षत्रिय’ दुपटीहूनही लांब झाला. कंपायलरला यूटीएफ-८चा पर्याय देताच हे मिटले. उरलेल्या चुका ओळीच्या शेवटांच्या होत्या : विंडोजवरील गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) चाचणीच्या नमुना फाइलींत प्रत्येक ओळीमागे एक बाइट वाढवत होते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सूचना-फाइलीत त्या फाइलींना हात लावू नये असे लिहून टाकले.

या व्यवस्थेने खरी किंमत वसूल केली ती एआरएम (इंटेलहून वेगळ्या घडणीचा प्रोसेसर) लिनक्सचा रनर जोडल्यावर. बाइट आस्की (साध्या इंग्रजी अक्षरांचा ० ते १२७ संच) आहे की नाही हे ओळखण्यासाठी मी ‘चार’ (char, सी भाषेतला एका बाइटाचा प्रकार) प्रकारची किंमत शून्यापेक्षा कमी आहे का, एवढेच पाहत होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. इंटेलवर ‘चार’ चिन्हांकित, म्हणजे उणे किंमतीही धरणारा, असल्यामुळे तो उणे ३२ दिसतो आणि तपासणी चालून जाते. एआरएम लिनक्सवर मात्र ‘चार’ बिनचिन्ह, म्हणजे कधीच उणे न होणारा, असल्यामुळे ती अट कधीच खरी होत नाही, म्हणजे माझी लायब्ररी अख्खी मराठी आस्की समजून बसली होती. गंमत अशी, की अ‍ॅपलचा प्रोसेसरही एआरएमच, परंतु तिथे ‘चार’ चिन्हांकितच राहतो. म्हणून मॅकओएसचा जॉब (एका रनरवरची चाचणीची एक धाव) कित्येक आठवडे निमूटपणे हिरवा, म्हणजे उत्तीर्ण, होता. दोष सर्वस्वी माझा आणि तोही वर्षानुवर्षे जुना.

त्यानंतर मॅट्रिक्सकडे, म्हणजे कोणकोणत्या जोड्यांवर चाचणी करायची त्या तक्त्याकडे, पाहण्याची माझी दृष्टी बदलली. सुरुवातीला हौसेने तिन्ही सिस्टिम, कंपायलरच्या चार-चार आवृत्त्या आणि डीबग-रिलीज (चुका शोधण्यासाठीचा आणि प्रत्यक्ष वापरासाठीचा) असे दोन बिल्ड यांचा गुणाकार करून २४ जॉब केले होते. त्यांतील बहुतेक एकमेकांची नक्कल करत होते. आता सातच आहेत आणि प्रत्येक जॉब कोणत्या ना कोणत्या नियमात बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे : विंडोजवर ६४ बिटांतही ‘लाँग’ (सीमधला पूर्णांकांचा एक प्रकार) ३२ बिटांचाच राहतो, अल्पाइन या लिनक्समधील मसल या सीच्या मूळ लायब्ररीवर थ्रेडचा (प्रोग्राममधील समांतर धाग्याचा) स्टॅक, म्हणजे कामापुरती स्मृती, मूळ मांडणीत १२८ किलोबाइटच मिळतो, वगैरे. बिग-एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारा) एस३९०एक्स हा आयबीएमच्या मोठ्या संगणकांचा प्रोसेसर मी क्यूईएमयू या अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामवर चालवतो, पण अनुकरणामुळे तो इतका रेंगाळतो की पुल रिक्वेस्टवर न ठेवता रोज रात्रीच्या वेळापत्रकात टाकला. सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर ही वेळापत्रकावरची धाव आपोआप बंद होते, हे ज्यांची लायब्ररी माझ्यासारखी संथ गतीने चालते त्यांनी ध्यानात ठेवावे.

मांडणी करताना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बदलाव्यात. एक जॉब पडला की उरलेले रद्द करणारी मूळ सोय बंद करावी, कारण चूक फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, हेच तर आपल्याला पाहायचे असते. तसेच रनरच्या नावात ‘लेटेस्ट’ न लिहिता नेमकी आवृत्ती लिहावी.

ज्यांना एआरएमचा रनर मिळत नाही, त्यांनी जीसीसी या कंपायलरला ‘चार’ बिनचिन्ह धरण्याचा पर्याय देऊन इंटेलवरच एक जादा जॉब चालवावा. माझी चूक त्या एका पर्यायाने लॅपटॉपवरसुद्धा सापडली असती.